वाटाणा, टीव्ही आणि अहिराणी

आज वर्गातल्या टीव्हीवर पाचवीला बी रुजण्याचा व्हिडिओ लावला. पंधरा सेकंदांत मोड, मुळं, दोन पानं. मागच्या बाकावरून आमच्या खान्देशी अहिराणीत आवाज आला, "सर, हाई इतलं बेगीन कसं उगनं? आमनी कपाशीले तर आठ दिन लागनात!"

वर्ग खो-खो हसला. मला मात्र फाळके आठवले. 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) आधी त्यांनी असंच केलं होतं. कुंडीत वाटाणा लावला, वाढताना थोड्या थोड्या अंतराने टिपला आणि पडद्यावर तो भराभरा वाढताना दाखवला. भांडवल देणाऱ्याला पटावं म्हणून हा खटाटोप! माझ्या मते आपल्याकडचा शास्त्राचा पहिला फिल्मी तास तोच. खडूने फळ्यावर लिहिलं, २४ चौकटी (फ्रेम, म्हणजे एकेक चित्र) म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद, आणि पोरांना गणित घातलं. तासाला एक चौकट घेतली, तर आठ दिवसांचे सेकंद किती? १९२ भागिले २४, आठ. कपाशीवाल्याने सगळ्यांत आधी सोडवलं.

१९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत टीव्ही पोहोचला, त्यात महाराष्ट्र नव्हता. आमच्या खान्देशातल्या खेड्यात शिकणाऱ्या मला व्हिडिओ म्हणजे गणपतीतला भाड्याचा व्हीसीआरच. तोही लाईट असली तर.

आजही गणित संपता संपता लाईट गेली. मग निघालो सगळे कपाशीवाल्याच्या शेताकडे, शाळेमागेच आहे.