छान झालं, पण...

मागच्या रविवारी आमच्या युवक संघातल्या एका मुलीनं पहिल्यांदाच चर्चमध्ये मंडळीसमोर उभं राहून साक्ष दिली, म्हणजे देवाबरोबरचा आपला अनुभव सांगितला, आवाज थरथरत होता, हातातला कागद त्याहून जास्त, आणि उपासना संपल्यावर ती माझ्याजवळ आली तेव्हा मी काय म्हणाले माहितीये? "छान झालं हं, पण जरा मोठ्यानं बोलायला हवं होतंस." झालं. चेहराच पडला तिचा.

आणि त्याच सकाळी मी बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय वाचून आले होते! 29 वं वचन, तोंडातून कुजकं भाषण निघू नये म्हणून. मला आपलं इतकी वर्षं वाटायचं, कुजकं म्हणजे शिव्या, आणि मी कुठं शिव्या देते. पण मूळ ग्रीकमध्ये तिथं जो शब्द आहे, साप्रोस, तोच मत्तयच्या शुभवर्तमानात 13 व्या अध्यायात जाळ्यातल्या टाकाऊ माशांसाठी आलाय, कोळी फेकून देतात ते. म्हणजे घाणच असायला पाहिजे असं नाही, समोरच्याच्या पोटात जाण्यासारखं नसलं तरी झालंच की. आणि पुढं त्याच वचनात 'गरजेप्रमाणे' असा शब्द आहे, तो मी नेहमी पटकन वाचून पुढं जाते. त्या पोरीची त्या क्षणाची गरज आवाज वाढवायची होती का?

अशा वेळी मला अगदी पहिल्या ख्रिस्ती मंडळीतला बर्णबा आठवतो. खरं नाव योसेफ, कुप्र बेटाचा लेवी, पण प्रेषितांनी, येशूनं निवडलेल्या त्या शिष्यांनी, त्याला नावच 'बोधपुत्र' ठेवलं, म्हणजे धीर देणारा माणूस. तो गोड गोड बोलायचा असं कुठं लिहिलेलं नाही बरं का. शौल, म्हणजे पुढचा पौल, यरुशलेमेत आला तेव्हा सगळे शिष्य त्याला घाबरून लांब, कालपर्यंत छळ करणारा माणूस, कोण विश्वास ठेवणार, आणि बर्णबा त्याला घेऊन सरळ प्रेषितांकडे गेला आणि त्याच्या बाजूनं बोलला. उद्या शौल खोटा निघाला असता तर याचीच लाज गेली असती. पुढं मार्क नावाच्या प्रवासातल्या सोबत्यावरून त्याचं आणि पौलाचं चांगलंच वाजलं, दोघं वेगळे झाले, अर्ध्यातून परत गेलेल्या त्या मार्कला बर्णबानं सोबत नेलं. आणि तोच पौल तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात लिहितो की मार्कला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. मला हे वाचताना दर वेळी भरून येतं.

नुसतं लोणी लावा असं मी म्हणत नाहीये हं. अंत्युखिया शहरात पौलानं प्रेषित पेत्राला तोंडावर सुनावलंच होतं, तेही लागतं कधी कधी. पण तोंडावर! आपण मात्र काय करतो, "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं, त्यांच्या घरी ना..." आणि मग अर्धा तास, आणि प्रार्थना राहूनच जाते. मीही केलंय हे, कितीदा तरी.

आणि काही वेळा तर बोलायचंच नसतं. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून होते तोपर्यंत काय सुंदर मित्र होते! तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं.

तर काल रात्री त्या मुलीला मेसेज लिहायला बसले. तिनं साक्षीत सांगितलं होतं की परीक्षेत नापास झाल्यावर तिला प्रार्थनाच करता येत नव्हती, नुसती गुडघ्यावर बसून राहायची. मी लिहिलं, हे तू सगळ्यांसमोर बोललीस म्हणून मला माझे तसलेच दिवस आठवले, मी ते आजवर कुणाला सांगितलेले नाहीत. मग वाचून पाहिलं तर खाली अजून एक ओळ होती, 'पण' नं सुरू होणारी, कधी टाइप केली देव जाणे. खोडली. पाठवला.

अजून उत्तर नाही आलेलं.