आठही दिवे हिरवे

दोन खोल्यांत दोन संगणक आणि त्यांच्यामध्ये भिंतीच्या कडेने गेलेली सुमारे ४० मीटर केबल, एवढेच ते नेटवर्क होते. मध्ये स्विच नव्हता, राउटरही नव्हता. एका संगणकावर मोजमापांच्या नोंदी जमा होत आणि त्या रोज दुसऱ्या संगणकावर पाठवायच्या असत. मात्र मोठी फाइल कधी सुरळीत जाई, तर कधी अर्ध्यावरच अडकून बसे, अशी तक्रार होती. इतक्या साध्या जोडणीला तासभर पुरेल, असा माझा अंदाज होता.

सुरुवातीच्या अडचणी नेहमीच्याच निघाल्या. पत्ता वाटून देणारे कोणी नसल्यामुळे दोन्ही संगणकांनी स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते घेतले होते. त्या पत्त्यांवरही दोन संगणक एकमेकांशी बोलू शकतात, पण मला कायमची व्यवस्था हवी होती, म्हणून मी १९२.१६८.१०.१ आणि १९२.१६८.१०.२ असे पत्ते दिले व दोन्हीकडे सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा, हे सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.० ठेवला. एका बाजूने पिंगला, म्हणजे दुसरा संगणक पोहोचतो का हे पाहणाऱ्या छोट्या संदेशाला, उत्तर मिळत होते, दुसऱ्या बाजूने मिळत नव्हते. ते फायरवॉलचे, म्हणजे बाहेरून येणारे संदेश अडवणाऱ्या प्रोग्रामचे, काम होते आणि परवानगी देताच सुटले.

खरा दोष मोठी फाइल पाठवल्यावर समोर आला. पहिल्या संगणकाकडून दुसऱ्याकडे ती चांगल्या वेगाने गेली, पण उलट दिशेने येताना रखडत राहिली आणि शेवटी तुटली. पहिल्या संगणकावरील त्रुटींचा आकडा दर वेळी वाढलेला दिसे. पिंग मात्र दोन्ही बाजूंनी ठीक होते. केबलमधील आठही तारा टोकापासून टोकापर्यंत पोहोचतात का हे दाखवणारा टेस्टर मी लावला, तेव्हा एक ते आठ दिवे क्रमाने हिरवे लागले आणि त्या क्षणी केबल माझ्या संशयातून पूर्णपणे सुटली. दोन्ही नेटवर्क कार्डे एक गिगाबिटची (१,००० मेगाबिट) असूनही जोडणीचा वेग १०० मेगाबिटच दिसत होता, ही खूण डोळ्यांसमोर असताना मी तिला पुरेसे महत्त्व दिले नाही, याची खंत मला आजही वाटते.

त्रुटी पहिल्या संगणकावर येत होत्या, म्हणून मी त्याचे कार्ड बदलले. केबल पुन्हा लावली आणि फाइल पाठवून पाहिली, तर आता उलटेच घडले: जी दिशा रखडत होती ती सुरळीत झाली आणि चांगली चालणारी दिशा बिघडली. त्रुटी आता दुसऱ्या संगणकावर मोजल्या जाऊ लागल्या. एका कार्डातला दोष दुसऱ्या खोलीत कसा गेला, हे मला काही केल्या उमगेना.

अखेर मी दोन्ही संगणक एकाच टेबलावर आणून दोन मीटरच्या तयार पॅच कॉर्डने जोडले. जोडणी लगेच एक गिगाबिटवर आली आणि दोन्ही दिशांनी फाइल एकाही त्रुटीविना गेली. दोष केबलमध्येच होता.

मग मी केबलच्या टोकाचा प्लग दिव्याजवळ धरून आतले रंग वाचले. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. केबलमधील आठ तारा पीळ दिलेल्या दोन-दोनच्या जोड्यांत असतात; ज्याने प्लग बसवला त्याने प्रत्येक जोडी शेजारी शेजारी ठेवली होती, दिसायला अगदी नीटनेटकी, आणि दुसऱ्या टोकालाही तोच क्रम होता. तारा सरळ पोहोचत होत्या, म्हणून टेस्टर समाधानी होता. परंतु १०० मेगाबिटवर एका दिशेचा संदेश १ आणि २ या पिनांवरून जातो, तर दुसऱ्या दिशेचा ३ आणि ६ वरून. प्रत्येक दिशेच्या दोन पिनांच्या तारा एकमेकींशी पीळ दिलेल्या असाव्या लागतात, कारण पिळामुळेच बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखा पडतो आणि दोन तारांमधला फरक घेताना निघून जातो. येथे ३ वर हिरव्या जोडीतली तार होती आणि ६ वर निळ्या जोडीतली. त्यांना एकमेकींचा पीळच नव्हता. लहानसा पिंग अशा तारेवरूनही बहुतेक वेळा निभावून जातो. लाखो बाइट सलग पाठवताना मात्र चौकटीमागून चौकट, म्हणजे माहितीचा एकेक तुकडा, खराब होते.

दिशा का उलटली, हेही मग कळले. कोणत्या संगणकाने कोणत्या जोडीवर पाठवायचे, हे आजची कार्डे केबल लावताना आपसांत ठरवतात. कार्ड बदलून केबल पुन्हा लावली, तेव्हा ती वाटणी फिरली होती. म्हणजे मी काढून ठेवलेले कार्ड निर्दोष होते.

मी दोन्ही प्लग कापून टाकले आणि नवे बसवले. या वेळी चौथ्या जागी निळी तार आणि सहाव्या जागी हिरवी, म्हणजे ५६८बी या प्रमाणित पद्धतीचा क्रम. पीळ शक्य तितका प्लगच्या तोंडापर्यंत राहू दिला. जोडणी एक गिगाबिटवर आली. तरीही मी केबल अनेकदा काढून पुन्हा लावली, प्रत्येक वेळी मोठी फाइल दोन्ही दिशांनी पाठवली आणि दोन्ही संगणकांवरचे त्रुटींचे आकडे वाढत नाहीत हे पाहिले. त्यानंतर जुने कार्ड परत जागेवर बसवले आणि तीच तपासणी पुन्हा एकदा केली.