वहीतली डावी कूस

पाथर्डी तालुक्यात घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची शुश्रूषा करणे हे माझे काम आहे. दिवाळीनंतर कोयत्याची टोळी गावाबाहेर पडली की इथल्या वस्त्यांवर म्हातारी माणसे तेवढी उरतात. अशाच एका वस्तीवर पंचाहत्तरीच्या एका आजींचे खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया त्यांना झेपणार नाही असे ठरल्याने त्या पडूनच होत्या आणि मुलगा-सून उचल घेतलेली असल्यामुळे ऊसतोडीला गेले होते. नोव्हेंबरात मी पहिल्यांदा गेले तेव्हा माकडहाडाजवळ तळहाताएवढी जखम होती, तिला दुर्गंधी येत होती, आणि मी माझ्या नोंदवहीत 'काळजी घेणारे कोणी नाही' असे लिहून परतले होते.

तीन आठवड्यांनी, नाताळ चार दिवसांवर असताना, मी पुन्हा गेले. जाताना मनाची तयारी वाईटासाठीच केली होती. पट्टी सोडली आणि मी थबकले. काळी पडलेली कातडी निघून गेली होती, तळाशी लालसर दाणेदार मांस दिसत होते, कडा आत सरकू लागल्या होत्या. जखम धुण्याचे काम मला दोन मिनिटांत उरकता आले, कारण करण्यासारखे फारसे उरलेच नव्हते.

उशाशी शाळेची दुरेघी वही होती. तिच्यात एखाद्या मुलीच्या वळणदार अक्षरात ओळीने लिहिले होते: सकाळी 6, डावी कूस. 8, उजवी कूस. 10, डावी कूस, अंडे खाल्ले. प्रत्येक ओळीपुढे पाळी कोणाची, तेही होते. रात्रीच्या ओळीसुद्धा सुटलेल्या नव्हत्या. दर दोन तासांनी कूस बदला, असे मी शेकडो घरांत सांगितले आहे. ते इतक्या काटेकोरपणे पाळलेले मी क्वचितच पाहिले आहे.

शेजारच्या गावातल्या पंधरा घरांच्या ख्रिस्ती मंडळीने हे काम वाटून घेतले होते. अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 साली सुरू झाले, त्याची मुळे या भागातल्या खेड्यांपर्यंत पोहोचलेली आहेत. मंडळीतले एक वृद्ध मला म्हणाले, "सिस्टर, 1876च्या दुष्काळात आमच्या पूर्वजांना कोणीतरी पेज पाजली, म्हणून आम्ही आहोत." हंगामाच्या उपकारस्तुतीच्या उपासनेत लोकांनी आणलेली बाजरी, भोपळे आणि कोंबड्या यांचा लिलाव झाला होता, त्या पैशातून हवेची गादी आली होती. हे सांगताना पाळकसाहेबांच्या आवाजात बढाईचा लवलेश नव्हता. पुढच्या आठवड्यात रात्रपाळीला कोण येणार, याचीच त्यांना चिंता होती.

माझ्या मनात एक शंका होती, ती लपवण्यात अर्थ नाही. आजी वारकरी. अंग पुसताना एका मावशींनी त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ काढून ओल्या फडक्यापासून दूर, स्वच्छ वाटीत ठेवली होती. अंग कोरडे झाल्यावर त्यांनी ती स्वतःच्या हाताने पुन्हा आजींच्या गळ्यात घातली, मणी नीट समोर आणले आणि मग त्या प्रार्थनेला बसल्या. आजींनीही हात जोडले. माझी शंका तिथेच संपली.

नोंदवहीत 'काळजीवाहक' या रकान्यासाठी एकच ओळ असते. कोणाचे नाव घालू, असे मी विचारले तेव्हा मावशी क्षणभर विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "मंडळी लिहा." मी तसेच लिहिले. एवढ्यात दोन वाजले. मावशींनी खांदा धरला, मी गुडघे धरले, आणि आम्ही आजींना डाव्या कुशीवर वळवले.

होळीच्या सुमारास जखम भरून आली. पाडव्याला मुलगा-सून परतले तेव्हा मावशी दोन दिवस सुनेसोबत राहिल्या, तिला कूस बदलायला शिकवले आणि वही तिच्या हाती दिली.