लहान चालेल, पण कोथरूडला

गेले चार महिने आमच्या घरी रात्रीची जेवणे आटोपली की एकच विषय निघतो, आणि तो म्हणजे लेकीने आणि जावयांनी पुण्यात घर घ्यावे तर कुठे घ्यावे. दोघे सध्या कर्वेनगरला भाड्याने राहतात. तिची नोकरी एरंडवण्यात आणि त्यांची खराडीला. वाघोलीत त्यांना सत्तर लाखांत नवा टू बीएचके मिळतो आहे, आणि तेवढ्याच पैशांत कोथरूडला चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या इमारतीतला वन बीएचके जेमतेम पदरात पडतो.

मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात २२ वर्षे काढली असल्यामुळे हिशेब मांडण्याचे काम माझ्याकडे आले. साठ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ५२,००० रुपये होतो. बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला तर सत्तर लाखांवर ५ टक्के जीएसटीचे साडेतीन लाख, ७ टक्के मुद्रांक शुल्काचे चार लाख नव्वद हजार आणि नोंदणीचे ३०,००० वरून मोजावे लागतात. घर एकट्या बाईच्या नावावर केले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, एवढाच काय तो दिलासा. एवढे करूनही वाघोलीहून लेकीचे रोजचे जाण्यायेण्याचे तीन तास या हिशेबात कुठल्याच रकान्यात येत नाहीत, आणि माझे खरे म्हणणे तिथूनच सुरू होते.

‘लोकांना आता मोठी घरे, क्लब हाऊस आणि मोकळी हवा हवी आहे, म्हणून तर सगळे वाघोली, उंड्री, आंबेगावकडे निघाले आहेत,’ असे मला साइटवरच्या विक्री प्रतिनिधीने ठामपणे सांगितले. मला हे पटत नाही. माणूस जिथे घर घेतो तिथेच त्याला राहायचे असते असे धरून चालणे चुकीचे आहे. पुष्कळदा तो फक्त जिथे परवडते तिथे गेलेला असतो. आम्ही सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो त्या रविवारी सकाळी शेजारच्या, लोक राहायला आलेल्या इमारतीच्या फाटकाशी पाण्याचे दोन टँकर एकामागे एक उभे होते आणि एक आजोबा वॉचमनच्या वहीत त्यांच्या वेळा स्वतःच्या हाताने लिहून घेत होते. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण टँकरच्या खर्चाचा भार अजून मेंटेनन्सवर पडतोच आहे, असे ते म्हणाले. मी त्यांना विचारले, ‘इथे आवडते का?’ त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, ‘घर छान आहे हो. पण आमचे सगळे नारायण पेठेत राहिले.’

जावयांचा मुद्दा मात्र मला सहज खोडता आला नाही. ते म्हणाले, ‘आई, कोथरूडही एके काळी लांबच होते की.’ हे खरे आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठांमधले वाडे कोसळले आणि माझ्या माहेरच्या माणसांना सहकारनगरला जावे लागले, तेव्हा पर्वतीच्या पलीकडे कोण राहणार, असे म्हणत माझी आजी कित्येक दिवस रडली होती. पुढे तिथेच तिचे आयुष्य गेले आणि ते बरे गेले. तरीही मला एक फरक दिसतो. सहकारनगरहून माझे वडील सायकलने मंडईत जाऊन भाजी घेऊन येत, कोथरूडहून डेक्कनलाही माणूस सायकलने सहज जाई. तेव्हाचे लांब हे पायडलच्या टप्प्यातले लांब होते. वाघोलीच्या नगर रस्त्याबद्दल असे कोणी म्हणू शकणार नाही. जावयांना स्वतःला खराडी जवळ पडेल हेही मी मान्य करते. मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनी एकत्र करून वसवलेल्या वसाहतीत राहणारी आणि तिथेच नोकरी करणारी माणसे खरोखर सुखी असल्याचे मी पाहिले आहे, कारण तिथे घर आणि काम शेजारी आहेत.

मग लेकीला नेमके काय हवे आहे? तिने ते एका वाक्यात सांगितले : ‘लहान चालेल, पण कोथरूडला.’ भाजी, दवाखाना, वाचनालय आणि बस चालत जाण्याच्या अंतरावर असावीत, आणि गरज पडली तर मी दहा मिनिटांत तिच्याकडे पोचावे, एवढेच तिचे मागणे आहे. माझी आत्या १९७९ सालच्या सोसायटीत ४८० चौरस फुटांच्या घरात राहते. तिथे तिने दोन मुले वाढवली, सासूचे शेवटचे आजारपण काढले, आणि गॅलरी बंद करून केलेल्या खोलीत, भिंतीला टेकवून ठेवलेल्या घडीच्या टेबलावर, तिचा मुलगा इंजिनिअर झाला. तेव्हाच्या पगारदार माणसाला शहराच्या आत शिरायला असे दार होते.

ते दार आता पुनर्विकासात बंद होते आहे. आत्याच्या सोसायटीचा नकाशा मी नीट पाहिला : जुन्या सभासदांना वाढीव क्षेत्रफळ, आणि विक्रीसाठीचे झाडून सगळे फ्लॅट थ्री बीएचके. जुन्या सोळा वन बीएचकेंच्या जागी नव्या माणसासाठी एकही लहान घर नाही. बिल्डरचे गणित मला कळते. जागा महाग आहे, घरे वाढली की पार्किंग वाढते, आणि मोठा फ्लॅट घेणाऱ्याशी एकदाच बोलून काम होते. पण अशा इमारती एकेक करून पाडल्या गेल्या की तरुण जोडप्याला कोथरूडमध्ये फक्त भाडेकरू म्हणूनच जागा राहील, आणि मग कोणीतरी सांगेल की त्यांना वाघोलीच आवडते. भाड्याने राहण्यात कमीपणा आहे असे मी मुळीच मानत नाही. पण अकरा महिन्यांच्या करारावर मुलाची शाळा ठरवता येत नाही.

मागच्या महिन्यात सोसायटीच्या सभेला आत्याबरोबर मीही गेले आणि विक्रीच्या भागात निदान चार वन बीएचके ठेवावेत, असे तिच्या सहीचे पत्र चेअरमनसाहेबांना दिले. आर्किटेक्टने दुसऱ्या मजल्याचा नकाशा पुन्हा काढून पाहतो असे सांगितले आहे. पुढची सभा रविवारी आहे, आणि वाघोलीचे टोकन भरायला लेकीने तोपर्यंत मुदत मागून घेतली आहे.