तुम्ही विचारलंत म्हणून: ‘थंडर रोड’च का?

जुना क्राइम पिक्चर सुचवा असं कुणी म्हटलं की मी ‘थंडर रोड’चं नाव घेतो आणि मग तोच प्रश्न येतो, की इतके मोठमोठे गँगस्टर पिक्चर सोडून हा १९५८चा, कमी पैशात काढलेला ब्लॅक अँड व्हाइट पिक्चरच का?

पहिलं म्हणजे ही गोष्ट चोरट्या दारूची असली तरी दारूबंदीच्या काळातली नाहीच. अमेरिकेतली दारूबंदी १९३३लाच उठली, पण दक्षिणेकडच्या डोंगरातल्या हातभट्ट्या चालूच राहिल्या, कारण टॅक्स. पन्नाशीच्या दशकात व्हिस्कीवर गॅलनमागे साडेदहा डॉलर फेडरल टॅक्स होता, आणि मका आमचा, भट्टी आजोबांपासूनची, मग सरकारला पैसे कशाचे द्यायचे असा या लोकांचा सरळ हिशोब. म्हणून इथला हीरो लूकस डूलिन मला गँगस्टर वाटतच नाही. तो ड्रायव्हर आहे, कोरियाच्या युद्धातून परत आलेला, रात्री गाडीत माल भरून मेम्फिसकडे सुटणारा, मागे एक्साइजवाले आणि शिवाय सगळा धंदा गिळायला टपलेला शहरातला कोगन.

लूकस झालेला रॉबर्ट मिचम यात अजिबात घाई करत नाही, डोळे अर्धे मिटलेले, एक हात स्टिअरिंगवर. एका ठिकाणी एक्साइजच्या गाडीला पुढे लावलेला चिमटा त्याचा मागचा बंपर गच्च पकडतो, वाटतं की आता सापडला, तेवढ्यात हा आतून खटका ओढतो आणि अख्खा बंपरच सुटून त्यांच्याकडे राहतो, आणि हा पसार! चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नाही, रोजचं काम. मला पिक्चर आवडतो तो या रोजच्या कामासाठी.

गाड्यांची दुरुस्ती बघणारा लूकसचा धाकटा भाऊ रॉबिन, त्याने या धंद्यात उतरू नये हीच लूकसची खरी काळजी. या रोलसाठी मिचमला गायक एल्व्हिस प्रेस्ली हवा होता, पण त्याच्या मॅनेजरने मागितलेले पैसे झेपणारे नव्हते, मग स्वतःचा मुलगा जेम्सच घेतला. त्यामुळे लूकस भावाला दटावतो तेव्हा समोर खरे बापलेक असतात आणि ते जाणवतंच. कथा मिचमची, प्रोड्यूसर तोच, पिक्चरचं गाणं लिहिण्यातही त्याचा हात, शूटिंग नॉर्थ कॅरोलायनात ॲशव्हिलच्या आसपास.

कमी बजेट दिसतं, नाही असं नाही, गाडीतल्या क्लोजअपमध्ये मागे पडद्यावर पळणारा रस्ता लगेच कळतो. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे: दारू पिणारा माणूस यात जवळजवळ नाहीच. तेव्हा कित्येक भट्ट्यांत वाफ थंड करायला गाडीचे जुने रेडिएटर वापरायचे, त्यातलं शिसं दारूत उतरायचं आणि लोकांना विषबाधा व्हायची, याबद्दल चकार शब्द नाही, आणि ते मला खटकतं.

तरी सुचवणार हाच. फक्त सबटायटल लावून बघा, तिकडची डोंगरी बोली पहिल्या झटक्यात कानाला लागत नाही.