दुपारचे सव्वादोन ते पाच

सासूबाईंचे दुपारचे औषध झाले, त्यांचा डोळा लागला आणि स्वयंपाकघरातला ओटा पुसून झाला, की मी मधल्या खोलीतल्या शिलाई मशीनच्या टेबलावर लॅपटॉप उघडते. त्या वेळी घड्याळात साधारण सव्वादोन झालेले असतात. पाच वाजता चहाचे आधण ठेवावे लागते, म्हणजे हातात पावणेतीन तास. गेली तीन वर्षे आठवड्यातले पाच दिवस मी या वेळात जुन्या मराठी पुस्तकांचे मुद्रितशोधन करते आहे. मिरजेच्या आमच्या गल्लीत बहुतेकांचा असा समज आहे, की मी दुपारभर सिनेमे पाहते. तो समज दूर करण्याचा मी फारसा प्रयत्न करत नाही, कारण काम काय आहे हे समजावून सांगण्यात निम्मी दुपार जाते. इथे मात्र सविस्तर लिहिते.

पन्नास-शंभर वर्षांपूर्वी छापलेल्या पुस्तकांची पाने स्कॅन केली जातात. त्या चित्रांतली अक्षरे ओळखून संगणक मजकूर तयार करतो, त्याला ओसीआर म्हणतात. माझ्यासमोर पडद्याच्या डाव्या बाजूला पानाचे चित्र असते आणि उजव्या बाजूला यंत्राने वाचलेला मजकूर. दोन्ही ओळीने ताडून पाहायचे आणि उजवीकडचे चुकले असेल तर दुरुस्त करायचे, एवढेच काम. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याच्या पुस्तकांवरचा प्रताधिकार संपतो, त्यामुळे अशा कामाला पुस्तकांची टंचाई नाही.

या कामापर्यंत मी सरळ वाटेने पोहोचले नाही. माध्यमिक शाळेत १९ वर्षे मराठी शिकवल्यावर सासूबाई न्हाणीघरात पडल्या, त्यांच्या खुब्याचे हाड मोडले आणि दिवसभर घरात कोणीतरी असणे आवश्यक झाले. मी नोकरी सोडली. पहिल्या दोन महिन्यांत मला जाणवले, की घरकामाचा आणि शुश्रूषेचा थकवा सोसता येतो, परंतु त्याला शेवट नसतो हे सोसत नाही. घासलेले भांडे रात्री पुन्हा खरकटे होते. शाळेत निदान वह्यांचा गठ्ठा संपत असे.

त्या मनःस्थितीत मी एका जाहिरातीला भुलले. घरबसल्या टंकलेखन, पाच दिवसांत पाचशे अर्ज भरायचे, ९० टक्के अचूकता हवी आणि आधी २,५०० रुपये अनामत, अशा त्यांच्या अटी होत्या. मी रात्री जागून अर्ज भरले. सहाव्या दिवशी कळवण्यात आले, की माझी अचूकता कमी भरल्याने करारभंग झाला आहे आणि नुकसानभरपाई न दिल्यास वकिलाची नोटीस येईल. नोटीसही आली, अर्थात ईमेलने, आणि तिच्यात ‘न्यायालय’ हा शब्द तीन प्रकारे चुकीचा लिहिलेला होता. मराठीच्या शिक्षिकेला त्यावरूनच सारे समजायला हवे होते; पण घाबरलेला माणूस शुद्धलेखन पाहत नाही. अखेर भाच्याने १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायला लावले आणि ते ईमेल येणे बंद झाले. अनामत रक्कम मात्र बुडाली. काम देणाराच पैसे मागू लागला, की तिथे काम नसते, एवढी अक्कल मी २,५०० रुपयांना विकत घेतली, असे आमच्या घरात अजूनही मानले जाते.

त्यानंतर काही महिने मी पैशांचा विचारच बाजूला ठेवला आणि मराठी विकिस्रोतावर, म्हणजे स्वयंसेवकांनी चालवलेल्या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयावर, हौसेने पाने तपासू लागले. तिथे न तपासलेले पान लाल दिसते, एकाने तपासले की पिवळे होते आणि दुसऱ्याने त्यावर पुन्हा नजर फिरवली की हिरवे. मी पिवळी केलेली पाने कोणी अनोळखी व्यक्ती रात्रीतून हिरवी करून जात असे, आणि सकाळी गॅसवर दूध ठेवून ते पाहताना मला परीक्षेचा निकाल पाहिल्यासारखे वाटे. इनस्क्रिप्ट कळफलकही मी तिथेच शिकले. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असल्याने पंधरा दिवसांत बोटांना त्याची चाल सापडते. पुढे ग्रंथालयांची पुस्तके संगणकीकृत करणाऱ्या एका लहान संस्थेला माणसे हवी होती. त्यांनी दहा पानांची चाचणी घेतली, अनामत मागितली नाही आणि पानाला बारा रुपये देऊ केले.

यंत्राच्या चुकांचा एक स्वभाव असतो, आणि तो ओळखू येऊ लागला की कामात रंग भरतो. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व या जोड्यांमध्ये ते हमखास गोंधळते. ख दिसला की ‘रव’ वाचते. ओळीच्या शेवटचा दंड त्याला काना वाटतो. जुन्या कागदावरच्या प्रत्येक ठिपक्याला ते अनुस्वार समजते आणि खरा अनुस्वार मात्र गिळून टाकते. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे काम असेल तर यंत्राची आणि माझी दोघांचीही चैन असते. जावजी दादाजींनी १८६९ साली सुरू केलेल्या या छापखान्याचे खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, इतके सुबक होते, की पान पिवळे पडले तरी अक्षर पडत नाही. उलट स्वस्तात छापलेल्या, शाई पसरलेल्या पुस्तकाची पाच पाने म्हणजे पुरा एक तास.

गेल्या पावसाळ्यात एका जुन्या प्रवासवर्णनातल्या एका शब्दापाशी मी चाळीस मिनिटे थांबले होते. लेखक चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडकडे निघालेला. घाटाच्या मध्यावर बैल सोडून तो विसावा घेतो आणि ‘डोंगर आणि दर्या पाहून’ त्याचे मन निवते, असे यंत्राने वाचले होते. वाक्य ऐकायला बिनचूक आहे. कोकणातून निघालेल्या माणसाला दर्याची आठवण यावी यातही वावगे काही नाही. परंतु दर्या आणि दऱ्या यांत सगळा फरक एका रफाराचा. रफार डोक्यावर असला तर समुद्र, आणि चंद्रकोरीसारखा आडवा होऊन य ला बिलगला तर डोंगरांमधल्या खोल घळी. चित्र चारशे टक्के मोठे केले, तेव्हा य च्या डोक्यावर शाईचा एक डाग दिसला आणि य च्या अलीकडे एक तुटकी, केसाएवढी रेघ. डाग खरा की रेघ खरी, हे ठरेना. मागची दोन पाने पुन्हा वाचली. नकाशा काढून घाटापासून किनारा किती दूर आहे ते पाहिले. एवढ्या अंतरावरून, त्यातही त्याने आधीच वर्णन केलेल्या धुक्यातून, त्याला समुद्र दिसणे मला पटेना. शेवटी त्याच पुस्तकातले इतर रफार शोधून काढले. त्या छापखान्याचा डोक्यावरचा रफार डावीकडे झुकलेला होता आणि डाग तर सरळ उभा होता. मी शिफ्टसोबत इंग्रजी ‘जे’ची कळ दाबली, ऱ उमटवला आणि समुद्र पुसून तिथे दऱ्या घातल्या. बारा रुपयांच्या पानात तो एक शब्द मला किती महाग पडला याचा हिशेब मी केला नाही. त्या दिवशी चहाला उशीर झाला, आणि चहा गाळताना मी हसते आहे असे सासूबाईंच्या लक्षात आले.

जाता जाता सांगायला हवे, की हा ऱ फार लबाड आहे. संगणकावर तो दोन प्रकारे लिहिता येतो, दिसायला दोन्ही सारखेच, पण एका पद्धतीने लिहिलेला ‘दुसऱ्या’ दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. त्यामुळे आमच्या संस्थेने एकच पद्धत ठरवून दिली आहे, आणि ती मोडणाऱ्याला पान परत येते.

पान परत येण्याची माझी सुरुवातीची कारणे मात्र वेगळी होती, आणि ती शिक्षिकेला शोभणारी होती. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते १८ झाले, आणि त्या १८ नियमांवर मी १९ वर्षे मुलांचे गुण कापले. जुन्या पुस्तकांत मात्र ‘कांहीं’ असते, ‘नाहीं’ असते, ‘घरांत’, ‘मीं’, ‘तें’ असते. न उच्चारले जाणारे ते सगळे अनुस्वार नव्या नियमांनी रजेवर पाठवले. पहिल्या पुस्तकात मी तीस पानांतले अनुस्वार निष्ठेने खुडून काढले आणि तीसही पाने परत आली. शेरा एका ओळीचा होता: मूळ छापील पाठ कायम ठेवावा. मला तो अपमान वाटला. मग पुन्हा बसून, डाव्या हाताच्या अनामिकेने एक्सची कळ दाबत, मी ते सर्व अनुस्वार परत जागेवर बसवले, आणि तिसऱ्या दुपारी माझ्या ध्यानात आले, की हे ठिपके निरर्थक नाहीत. ‘तें’ वरचा अनुस्वार नपुंसकलिंग सांगतो आणि पुल्लिंगी अनेकवचनी ‘ते’ पासून त्याला वेगळे काढतो. ‘मीं’ वरचा अनुस्वार कर्ता तृतीयेत आहे हे सांगतो. जे मी वर्गात फळ्यावर केवळ इतिहास म्हणून एका तासात उरकत असे, ते इथे ओळीओळीत काम करताना दिसत होते. दुसऱ्याचे लेखन न सुधारता जसेच्या तसे सांभाळण्यात इतके सुख असेल, हे लाल शाईचे पेन हाती असताना मला कधी समजले नव्हते.

सासूबाई या कामात कधी सामील झाल्या ते नेमके सांगता येणार नाही. एका गृहोपयोगी पुस्तकात तांदूळ ‘शेवळीत’ घालून धुवावेत, असे आले. चित्रात अक्षर फुटलेले होते. मी सवयीने मोठ्याने वाचले आणि पलंगावरून आवाज आला, “अगं, शेवळीत कसे धुशील तांदूळ? शेवळं म्हणजे पावसाळ्यातली भाजी. रोवळी म्हण, रोवळी.” मग बांबूच्या कामट्यांची ती टोपली कशी असते, तिच्यातून पाणी कसे निथळून जाते, लग्नात तिचा मान काय, हे त्यांनी अर्धा तास सांगितले. पडल्यापासून त्या एवढे सलग बोलल्या नव्हत्या. तेव्हापासून अडलेले शब्द मी वहीत टिपून ठेवते आणि चहाच्या वेळी त्यांच्यापुढे मांडते. त्यांना सगळेच येतात असे नाही. येत नसलेला शब्द त्या ‘तुमच्या पुण्याकडचा असेल’ म्हणून निकालात काढतात.

पैशांचे लपवण्यासारखे काही नाही. बऱ्या छपाईची पाने तासाला सात होतात, वाईट छपाईची पाच. महिन्याला साडेचार-पाच हजार रुपये येतात, त्यातला कर आधीच कापलेला असतो आणि तो परत मिळवण्यासाठी वर्षाकाठी विवरणपत्र भरावे लागते. एका वर्षी तीन महिन्यांचे पैसे अडकले होते आणि दर आठवड्याला नम्र भाषेत आठवण करून देण्याची मला लाज वाटत असे. आता वाटत नाही. या उत्पन्नावर घर चालवायचे असते तर मी हा लेख निराळ्या सुरात लिहिला असता, याची मला जाणीव आहे. घर यजमानांच्या पगारावर चालते म्हणून मला दऱ्यांपाशी थांबता येते. शब्दसूचीची पाने मला अजिबात आवडत नाहीत, कारण यंत्र १ ला ९ वाचते आणि तिथे अर्थाचा आधारही नसतो. डोळे कोरडे पडतात, त्यासाठी थेंब आणले आहेत. शिवाय यंत्र दरवर्षी सुधारते आहे. तीन वर्षांपूर्वी पानात तीस चुका सापडत, आता दहा-बारा सापडतात, आणि पानाचा दर नऊ रुपये करण्याची भाषा सुरू झाली आहे. उरलेल्या चुका मात्र दर्या-दऱ्यांसारख्या असतात, वाक्यात बेमालूम बसणाऱ्या, आणि त्या शोधायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. हे मी संस्थेला लिहून कळवले आहे. उत्तर यायचे आहे.

सध्या हातात एक आरोग्यविषयक पुस्तक आहे. त्याची शेवटची सहा पाने जाहिरातींची आहेत, आणि जाहिरातींच्या पानांचे पैसे मिळत नाहीत. ती ‘रिक्त’ अशी खूण करून सोडून द्यायची, असा नियम आहे. काल दुपारी पुस्तक संपले तेव्हा पावणेपाच वाजले होते. मी खूण केली, पण पान बंद केले नाही. दंतमंजनाची जाहिरात होती, किंमत ‘४ आणि’, टपालखर्च निराळा. मी वेलांटी खोडून मात्रा दिली, चार आणे केले आणि पुढच्या जाहिरातीकडे वळले. ती केशवर्धक तेलाची होती.