दोन मृत आणि एक हिरा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, पात्रे रंगवत खेळायच्या कथाखेळात मेलेल्याला परत आणता येते, तेव्हा तिथे शोक करण्यासारखे उरतेच काय, असे मला अनेकदा विचारले जाते. माझ्या मते नेमक्या याच सोयीमुळे त्या खेळातला शोक गुंतागुंतीचा होतो. पाचव्या आवृत्तीच्या नियमांनुसार मृत्यूनंतर मिनिटभराच्या आत ‘रिव्हिव्हिफाय’ हा मंत्र टाकला आणि ३०० सुवर्णनाण्यांचा हिरा खर्ची घातला, तर मृत पात्र एका हिट पॉइंटसह, म्हणजे जेमतेम जीव धरून, उठते. ते मिनिट हुकले तर ‘रेझ डेड’ आहे. त्याला १० दिवसांची मुदत असते आणि हिरा ५०० नाण्यांचा लागतो. त्याही पुढे ‘रिझरेक्शन’ आहे, ज्याला १०० वर्षांपूर्वी मेलेलाही चालतो, मात्र हिरा १,००० नाण्यांचा हवा. थोडक्यात, या जगात मरण हा बऱ्याच अंशी ऐपतीचा प्रश्न आहे, आणि ज्याचा सोबती परत आला नाही त्याच्या मनात दुःखाबरोबरच हिशेबही सुरू होतो. हिरा कोणाकडे होता, आणि तो कोणावर खर्च झाला?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला तो युद्धखेळांच्या परंपरेतून, जिथे सैनिक पडणे म्हणजे पटावरून सोंगटी उचलणे. नवी कॅरॅक्टर शीट, म्हणजे पात्राच्या आकड्यांचा कागद, भरायची आणि पुढच्या खोलीत शिरायचे, ही जुनी रीत आजही पुष्कळ टेबलांवर चालते आणि तिच्यात काही गैर नाही. पण ज्यांना गोष्ट खेळायची असते, त्यांना मेलेल्या सोबत्याविषयी काहीतरी करावेच लागते.

आमच्या पुण्यातल्या गटात मी इल्व्हा नावाची रेंजर, म्हणजे रानावनात वावरणारी योद्धी, खेळते. टिबो हा हाफलिंग (बुटक्या जमातीतला) चोर आणि ती एकाच बंदरावर उपाशीतापाशी वाढलेली. एका तळघरातल्या लढाईत टिबो आणि आमचा पॅलाडिन (धर्मयोद्धा) असे दोघेही डेथ सेव्ह, म्हणजे मरणाच्या दारात टाकायचे फासे, हरले; डोर्ना या क्लेरिककडे, म्हणजे दैवी मंत्र टाकणाऱ्या पुजारिणीकडे, हिरा एकच होता आणि शत्रू अजून उभा होता. तिने पॅलाडिनला उठवले. डावपेच म्हणून हा निर्णय बिनचूक होता, आणि त्यामुळेच इल्व्हाला तो सहन होणे शक्य नव्हते.

अशा वेळी खेळाडूला सर्वांत आधी जे सुचते ते म्हणजे रुसणे. पात्राने एका शब्दात उत्तरे द्यायची, क्लेरिककडून उपचार घ्यायचे नाकारायचे, रात्री शेकोटीपासून लांब जाऊन बसायचे. हे सगळे खरे वाटते, पण बाकीच्या चौघांना त्यात करण्यासारखे काही राहत नाही. त्यांनी फक्त पाहत बसायचे. त्यावर कोणी हरकत घेतली की ‘माझे पात्र असेच वागेल’ हे उत्तर ठरलेले असते. पण पात्र आपणच लिहिलेले आहे, आणि दुःखात बुडालेला माणूस दहा तऱ्हांनी वागू शकतो. त्या दहांपैकी दुसऱ्याला काहीतरी बोलायला, करायला किंवा नाकारायला भाग पाडेल अशी तऱ्हा निवडणे हे खेळाडूचे काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून इल्व्हा गप्प बसली नाही. तिने डोर्नाला सगळ्यांसमोर विचारले, “मी तिथेच उभी होते. मला एका शब्दाने विचारलं असतंस तर?”

डोर्नाच्या खेळाडूने हातातला फासा खाली ठेवला आणि म्हणाली, “तू टिबोचं नाव घेतलं असतंस. म्हणूनच नाही विचारलं.”

पॅलाडिन या वाक्याच्या मधोमध जिवंत बसला होता, आणि त्या क्षणापासून तोही या भांडणात ओढला गेला.

या सगळ्यात एक विचित्र अडचण असते, जिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मेलेल्याचा खेळाडू समोरच बसलेला असतो, वडापाव खात नव्या पात्राचे आकडे भरत असतो आणि आपल्या शोकाला मधूनच दाद देत असतो. पुढच्या सेशनला तो बार्ड (जादू जाणणारा भाट) होऊन दारात उभा राहतो. इल्व्हाने त्या अनोळखी बार्डवर विश्वास न ठेवणे कथेला धरून झाले असते, पण ज्याचे एक पात्र नुकतेच गेले आहे त्याच्या दुसऱ्या पात्राची वाट अडवणे हा त्या खेळाडूवर अन्याय ठरला असता. आम्ही पात्रे बाजूला ठेवून सरळ बोललो: राग डोर्नावर राहील, बार्डला त्याची झळ लागणार नाही, आणि डोर्नाच्या खेळाडूला हे भांडण नकोसे झाले तर तिने तसे सांगताच ते थांबेल. जॉन स्टाव्रोपुलोस यांचे एक्स-कार्ड, म्हणजे नकोसा प्रसंग थांबवण्यासाठी उचलायचे कार्ड, आमच्या टेबलावर असतेच, पण ते उचलण्याची वेळ येण्याआधी बोलून घेतलेले बरे.

शहरातल्या मंदिरात ‘रेझ डेड’ची सोय होती आणि १० दिवसांची मुदतही उरली होती. मात्र नियमांनुसार आत्म्याची इच्छा नसेल तर त्याला परत आणता येत नाही, शिवाय आपल्याला कोण बोलावत आहे हे त्या आत्म्याला कळते. टिबोच्या खेळाडूला बार्ड मनापासून आवडला होता, त्यामुळे टिबोने नकार दिला. टेबलावर ही साधी सोय होती, पण गोष्टीत तिचा अर्थ फार वेगळा झाला. डोर्नाला त्यात सुटका दिसली. इल्व्हाला मात्र हे समजून घ्यावे लागले की ज्याच्यासाठी ती भांडत होती, त्याने तिची हाक ऐकूनही पाठ फिरवली. ‘स्पीक विथ डेड’ या मंत्राने प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात, पण मेल्यानंतर घडलेले काहीच त्याला ठाऊक नसते; म्हणजे ‘का आला नाहीस’ हा एकच प्रश्न तिच्याजवळ होता आणि तो विचारण्यात काही अर्थ नव्हता.

या खेळाच्या नियमांतली एक उणीव मला इथे जाणवते. ‘रेझ डेड’ने परतलेल्याच्या फाशांवर पडणाऱ्या आकड्यांतून चार वजा होतात आणि प्रत्येक दीर्घ विश्रांतीनंतर ती वजाबाकी एकाने कमी होते, मागे राहिलेल्याला मात्र आकड्यांत काहीच सोसावे लागत नाही. ल्यूक क्रेन यांच्या ‘बर्निंग व्हील’ या दुसऱ्या कथाखेळात एल्फ जमातीच्या पात्रांचा शोक हा चक्क एक मोजला जाणारा गुण आहे. तो वाढत जातो आणि १० वर पोहोचला की ते पात्र खेळाडूच्या हातून जाते. तो नियम जसाच्या तसा आमच्या खेळात बसणार नाही, पण शोकाला किंमत असावी हा त्यातला विचार मला पटतो.

आम्ही ती किंमत खजिन्याच्या वाटणीत आणली. इल्व्हाची मागणी अशी आहे की वाटणीआधी माणशी एक हिरा विकत घ्यावा आणि ज्याचा हिरा त्याच्याच कमरेला राहावा, म्हणजे कोणाला उठवायचे हे पुन्हा एकट्या क्लेरिकने ठरवायला नको. डोर्नाच्या मते ज्याच्या कमरेला हिरा तो खाली कोसळला की तिला लढाईच्या गर्दीत प्रेते चाचपत फिरावे लागेल, आणि तिचे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे. पॅलाडिनने तर आपल्यासाठी हिरा घ्यायलाच नकार दिला आहे, आणि त्यामुळे आता डोर्ना त्याच्यावरही चिडलेली आहे.